लंडनच्या बागेतला पिंजऱ्याचा फीडर: पोपटांना खरंच अडवतो का?

पक्ष्यांसाठी दाणे भरलेली नळी आणि तिच्याभोवती जाळीचा पिंजरा, असा हा फीडर. तो पोपटांना अडवतो, पण पिंजरा आणि आतली नळी यांच्यात पुरेसं अंतर असेल तरच. लंडन आणि आसपासच्या किंग्स्टन, रिचमंड, ईशर या भागांत साधा फीडर टांगला की सोललेल्या सूर्यफूल-बियांवर पोपटांचा थवा तुटून पडतो आणि लहान पक्षी कुंपणावरच बसून राहतात. पोपट जवळ असला की तिथले पक्षी कमी खातात, हे लंडनच्या बागांमधल्या प्रयोगांतूनही 2014 मध्ये दिसलं. आपल्याकडे ज्वारीच्या कणसांवर उतरतात तेच हे कंठवाले पोपट. पाळायला नेलेले, पिंजऱ्यातून सुटलेले आणि तिथे रुजलेले.

पोपटाची लांबी साधारण 40 सेंमी, त्यात निम्मी शेपूट. जाळीच्या 5 सेंमी चौकोनातून डोकं सहज आत जातं, खांदे अडकतात. म्हणजे मान पोचेल तिथवरचे दाणे त्याचेच. नळी 7 सेंमी आणि पिंजरा 18 सेंमी व्यासाचा असेल, तर मध्ये उरतात जेमतेम साडेपाच सेंमी. असे स्वस्त फीडर घेऊच नका. 25 सेंमीचा पिंजरा घेतला तर 9 सेंमी मिळतात, आणि तेवढे पुरतात. तळाचंही अंतर बघा, कारण पोपट उलटा लटकून खालून चोच घालतो. हे माप खोक्यावर सहसा नसतं. दुकानात पट्टी लावूनच बघावं.

दाण्याच्या भोकांना धातूची कड हवी. प्लॅस्टिक कुरतडलं जातं, भोक रुंदावतं, मग दाणे नुसते गळत राहतात आणि खाली उंदीर येतात. झाकण फिरवून बसणारं हवं. नुसतं दाबून बसवलेलं चोचीने उचकटतं.

ब्लू टिट, ग्रेट टिट, गोल्डफिंच हे तिथले लहान पक्षी आरामात आत शिरतात, मात्र नव्या पिंजऱ्याला सरावायला त्यांना थोडे दिवस द्या. सुतारपक्षी बाहेरच राहतो. ही या फीडरची खरी उणीव, आणि तिला उपाय नाही.

सगळ्यात महत्त्वाचं, नळी पिंजऱ्यातून पूर्ण बाहेर निघते ना, ते तपासा. ग्रीनफिंच या पक्ष्यांचा घात करणारा ट्रायकोमोनास हा परजीवी घाणेरड्या फीडरवरून पसरतो. दोन दिवसांत संपतील एवढेच दाणे भरा, ओले झालेले फेकून द्या. आठवड्याला नळी घासून, निर्जंतुक करून, पूर्ण वाळल्यावरच पुन्हा भरा.