जुन्या कॅसेटी संगणकात उतरवताना: यूएसबी प्लेअर, जुना डेक की बाहेर देणं?

माळ्यावरून पंचवीस-तीस कॅसेटी निघाल्या की पहिला मोह पडतो तो ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त यूएसबी कॅसेट प्लेअरचा. वॉकमनएवढा डबा, एक वायर, लॅपटॉपला जोडली की झालं. मीही आधी तोच घेतला. पण कॅसेटची फीत सेकंदाला 4.76 सेंटीमीटर या एकाच वेगानं सरकायला हवी. हलक्या मोटरीवर ती मधेच रेंगाळते, मधेच पळते आणि पेटीचा लांबवलेला सूर चक्क थरथरतो. फाईलमध्ये उतरलेली ही थरथर नंतर काढणं फार जिकिरीचं. नुसतं बोलणं असेल, म्हणजे आजोबांचं भाषण किंवा लग्नातल्या गप्पा, तर हा डबा चालून जातो. गाण्याला नको.

दुसरा रस्ता म्हणजे चांगला जुना डेक (म्युझिक सिस्टिममधला कॅसेट प्लेअर) आणि ऑडिओ इंटरफेस, म्हणजे बाहेरचा आवाज संगणकात घेणारी डबी. घरी रेकॉर्डिंग करत असाल तर इंटरफेस असेलच, म्हणजे खर्च फक्त डेकचा. तो पुण्याच्या जुन्या बाजारात, मुंबईच्या चोर बाजारात किंवा एखाद्या काकांच्या शोकेसमध्ये सापडतो. घेताना आतले रबरी पट्टे बघा. वर्षानुवर्षं पडून ते सैल होतात, कधी डांबरासारखे वितळून पुलीला चिकटतात. ते बदलायचे, हेड (फितीवरचा आवाज वाचणारा भाग) आणि रबरी रोलर आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसायचे. जोडणी लाइन आउटमधून इंटरफेसच्या लाइन इनमध्ये. लॅपटॉपच्या माइकच्या भोकात नाही, तिथं आवाज फाटतो आणि बहुधा एकच चॅनेल मिळतो. घुं आवाज आला तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर ऑडॅसिटी फुकट आहे आणि या कामाला पुरते. 24 बिट, 48 किलोहर्ट्झवर तासाभराच्या कॅसेटची डब्ल्यूएव्ही, म्हणजे आवाज न दाबता जशाचा तसा ठेवणारी, फाईल साधारण 1 जीबीची होते.

पण डेकचा खरा फायदा हेडशेजारच्या बारक्या स्क्रूत आहे. हेडचा कोन, मेकॅनिकांच्या भाषेत अझिमथ, त्यानं जुळवता येतो. घरच्या कॅसेटी ज्या टू-इन-वनवर भरल्या, त्याचं हेड जरासं तिरकं असायचं. त्या तिरकेपणाशी आपलं हेड जुळलं नाही तर आवाज घोंगडीखालून आल्यासारखा येतो. आत्याच्या जात्यावरच्या ओव्यांची कॅसेट मला अशीच वाटायची. फीत गेली असं धरूनच चाललो होतो. दोन्ही चॅनेल एकत्र करून मोनोत ऐकत स्क्रू पाव फेराही फिरवला नसेल, तोच ओवीमागे बांगड्यांची किणकिण उमटली. मग जात्याची घरघरही वेगळी ऐकू यायला लागली. (स्क्रू मूळ कुठे होता त्याची खूण आधी करून ठेवा. मी केली नव्हती.) डेकवरचं डॉल्बीचं, म्हणजे फितीची खरखर कमी करणारं, बटण मात्र बंदच ठेवा. टू-इन-वनवरच्या बहुतेक कॅसेटी डॉल्बीशिवाय भरलेल्या असतात. बटण दाबलं की खरखरीबरोबर वरचे सूरही दबतात.

वेळेचा हिशेब आधीच करा. हे काम कॅसेटच्या वेगानंच चालतं: 90 मिनिटांच्या वीस कॅसेटी म्हणजे तीस तास.

एवढा वेळ नसेल किंवा दोन-चारच कॅसेटी असतील, तर बाहेर देणं स्वस्त पडतं. फक्त काय हवं ते आधी लिहून द्या: कच्ची डब्ल्यूएव्ही, साफसफाई न केलेली. एका ठिकाणाहून मला ‘क्लीन’ केलेली एमपी3 आली होती. खरखर गेली होती खरी, पण तिच्याबरोबर तानपुराही गेला होता. उरलं होतं ते पाण्याखालून येणारं गाणं. मूळ फाईल मागितली तर त्यांनी ती ठेवलीच नव्हती. साफसफाई नंतर घरी कितीही वेळा करता येते.

मी स्वतः तिन्हींत डेक निवडीन, आणि तोही कॅसेटी दहाच्या वर असतील तरच. बुरशी लागलेली कॅसेट मात्र कुठल्याच यंत्रात घालू नका. कोकणातल्या घरी राहिलेल्या कॅसेटींच्या खिडकीतून फितीवर पांढरी भुकटी दिसते ना, तीच. ती हेडला लागते आणि पुढच्या कॅसेटीवर जाते. अशी एकच कॅसेट मी जाणकाराकडे सोपवली. बाकीच्या लावायच्या आधी प्रत्येकीच्या मागचे दोन कान तोडून टाकले, चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तर पुसायला नको.