नवीन स्पेसशिप पुस्तकाची वाट बघताय? तोवर १९९१ चं हे मॅन्युअल हातात घ्या

स्पेसशिपांवरचं नवीन रेफरन्स बुक येणार अशी नुसती कुणकुण लागली तरी फॅन मंडळींचं काय होतं ते माहितीये ना, कव्हरवर कुठलं यान असेल, चित्रं नवीन काढलीयेत की जुनीच परत छापणार, छेदचित्रं किती, लांबी-रुंदीचे आकडे देणार की नुसती चकचकीत चित्रं, पुस्तक छापायला जायच्या आधीच सगळ्यावर चर्चा करून होते. मीपण त्यात असतेच. आणि अशी वाट बघताना मी दर वेळी एकच पुस्तक परत कपाटातून काढते, कारण नवीन येणारं प्रत्येक पुस्तक मी त्याच्याशीच ताडून बघते, म्हणून आज त्याचाच रिव्ह्यू. स्टार ट्रेक द नेक्स्ट जनरेशन टेक्निकल मॅन्युअल (स्टार ट्रेक द नेक्स्ट जनरेशन ही सायन्स फिक्शन टीव्ही सिरीयल, एंटरप्राइज-डी हे तिच्यातलं मुख्य यान), लेखक रिक स्टर्नबाख आणि मायकल ओकुडा, पॉकेट बुक्स, १९९१.

आधी हे दोघं कोण ते सांगते, कारण पुस्तक चांगलं का झालं त्याचं उत्तर तिथेच आहे. स्टर्नबाख मुळात अंतराळाची चित्रं काढणारा आर्टिस्ट, १९७७ आणि १९७८ असे लागोपाठ दोन ह्यूगो (सायन्स फिक्शनमधला मोठा पुरस्कार) मिळालेला. ओकुडा म्हणजे यानातल्या त्या काळ्या पॅनलवरच्या रंगीत गोलाकार कोपऱ्यांच्या स्क्रीन ज्याने डिझाइन केल्या तो, फॅन लोक त्या स्क्रीनना ओकुडाग्रामच म्हणतात. दोघंही सिरीयलवर रोज काम करत होते आणि एपिसोड लिहिणाऱ्यांना यान काय करू शकतं आणि काय नाही हे कळावं म्हणून त्यांनी ऑफिसपुरती एक टेक्निकल गाइड केली होती, तीच पुढे वाढवून हे पुस्तक झालं. म्हणजे फॅनना खूश करायला नाही, कामाला लागायची म्हणून लिहिलेली गोष्ट आहे आणि वाचताना ते पानोपानी जाणवतं.

एक नमुना देते. इम्पल्स इंजिन म्हणजे वॉर्प (यानाला प्रकाशापेक्षा जास्त वेगाने नेणारी यंत्रणा) न वापरता यान ज्यावर चालतं ते. त्याचा वेग नेहमीच्या वापरात प्रकाशाच्या वेगाच्या पाव पटीवर अडवलाय. का? इंजिनात ताकद नाही म्हणून नाही, तर त्याच्या वर गेलं की आइनस्टाइनचा टाइम डायलेशन त्रास द्यायला लागतो, यानातली घड्याळं आणि बाहेरची घड्याळं जुळत नाहीत. मी कॅल्क्युलेटर घेऊन बसले, पाव वेगालासुद्धा दिवसाला साधारण पाऊण तासाचा फरक पडतो! म्हणजे ही मर्यादा उगाच ठोकून दिलेली नाही, एवढा फरक कसाबसा सांभाळता येईल आणि त्यापुढे गेलात तर स्टारफ्लीटचं, म्हणजे सिरीयलमधल्या अंतराळ दलाचं, सगळं वेळापत्रक कोलमडेल. एका ओळीच्या आकड्यामागे इतका विचार असेल तर मग मला यान खरं वाटायला लागतं, चित्र कितीही भारी असलं तरी नुसत्या चित्राने ते होत नाही.

वॉर्पच्या वेगाचा तक्ता तर मला तोंडपाठ आहे. वॉर्प १ म्हणजे प्रकाशाचा वेग, वॉर्प ७ ला त्याच्या ६५६ पट, ८ ला १०२४ पट, ९ ला १५१६ पट, आणि १० ला अनंत, म्हणजे तिथे कुणीच पोचू शकत नाही. आता गंमत बघा. हे पुस्तक १९९१ चं. १९९५ मध्ये स्टार ट्रेकचीच व्हॉयेजर सिरीयल सुरू झाली, त्यात यान घरापासून ७०,००० प्रकाशवर्षं लांब फेकलं जातं आणि परत यायला ७५ वर्षं लागतील असं सांगतात. भागाकार केला तर सरासरी प्रकाशाच्या ९३३ पट वेग येतो, म्हणजे वॉर्प ७ आणि ८ च्या मध्ये, ८ च्या अगदी जवळ. लांबच्या प्रवासाला सतत रेटता येईल असाच वेग तो! चार वर्षांपूर्वी छापलेल्या तक्त्यात ती गोष्ट चपखल बसते हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मला जो आनंद झाला तो शब्दांत सांगणं अवघड आहे. एपिसोडमध्ये दर वेळी हा तक्ता पाळलाय असं अजिबात नाही, गोष्टीला घाई असली की यान हवं तेवढं पळतं, पण निदान चुकलं कुठे हे सांगायला तरी काहीतरी मोजमाप हातात असतं.

बाकी ट्रान्सपोर्टरची (माणसांना क्षणात दुसरीकडे पोचवणाऱ्या यंत्राची) रेंज ४०,००० किलोमीटर, एंटरप्राइज-डी ची लांबी ६४० मीटरच्या आसपास, ४२ डेक, वॉर्प कोअरमध्ये ड्यूटेरियम (जड हायड्रोजन) आणि अँटिड्यूटेरियम (त्याचं प्रतिद्रव्य) यांची रिअॅक्शन डायलिथियम नावाचा स्फटिक कशी ताब्यात ठेवतो, हे सगळं आहेच. नॅसेलच्या, म्हणजे यानाच्या दोन बाजूंच्या लांब वॉर्प इंजिनांच्या, पुढे जे लाल घुमट चमकतात ते नुसते शोभेचे नाहीत हेही मला इथेच कळलं. रॉबर्ट बसार्ड नावाच्या खऱ्या फिजिसिस्टने १९६० साली कल्पना मांडली होती की तारकांमधल्या पोकळीतला विरळ हायड्रोजन गोळा करून त्यावरच यान चालवायचं, ते घुमट म्हणजे त्याच कल्पनेवरून घेतलेले कलेक्टर, इंधन संपत आलं तर शेवटचा आधार म्हणून. मधूनमधून दोघं लेखक स्वतःच्या आवाजात छोट्या टिपा देतात की इथे आम्ही असं का ठरवलं, सेटवर काय अडचण होती वगैरे. त्या टिपा मी सगळ्यात जास्त वेळा वाचल्यात.

आता उणिवा. चित्रं सगळी ब्लॅक अँड व्हाइट रेषांची, काही इतकी बारीक की डोळे ताणावे लागतात. जवळजवळ सगळं पुस्तक एकाच यानावर आहे, क्लिंगॉन किंवा रोम्युलन या परग्रहवासीयांची यानं बघायला घ्याल तर निराश व्हाल. सिरीयल १९९४ पर्यंत चालली त्यामुळे शेवटच्या सीझनचं काहीच नाही. आणि माझी सगळ्यात मोठी तक्रार म्हणजे शूटिंगच्या मॉडेलबद्दल फार कमी सांगितलंय. एंटरप्राइज-डी चं सहा फुटी मॉडेल वेगळं, तिसऱ्या सीझनपासून वापरलेलं चार फुटी वेगळं, दुसऱ्यावर पृष्ठभागाचं काम जास्त उठावदार आहे, लक्ष देऊन बघितलं तर कुठल्या शॉटमध्ये कुठलं ते ओळखू येतं. स्पेसशिपच्या रेफरन्स बुकने हे सांगायलाच हवं, कारण आपण प्रेम ज्याच्यावर करतो ते यान कुणीतरी हाताने बनवलेलं असतं.

नवीन पुस्तकाकडून माझी खरी अपेक्षा इथेच आहे. आकड्यांचे घोळ लपवू नका, उघड मांडा. एक्झिक्युटरचंच घ्या, स्टार वॉर्समधलं डार्थ व्हेडरचं ते अवाढव्य यान. जुन्या पुस्तकांत त्याची लांबी ८ किलोमीटर छापली, मग पुढच्यांनी तीच उचलली, आणि फॅन लोक फ्रेम थांबवून बाजूच्या १६०० मीटरच्या स्टार डिस्ट्रॉयरशी मापं घेत सांगत राहिले की हे बसत नाही हो, हे अकरा-बारा पट आहे. शेवटी अधिकृत आकडा १९ किलोमीटर झाला. दुप्पटीहून जास्त! ही सगळी गोष्ट त्या यानाच्या पानावर असायला हवी, नुसता शेवटचा आकडा छापून भागत नाही.

क्लिंगॉन बर्ड ऑफ प्रे तर त्याहून अवघड केस. १९८४ च्या स्टार ट्रेक सिनेमात ते मूठभर माणसांचं छोटंसं यान आहे, १९८६ मध्ये त्याच्याच पोटात दोन हंपबॅक व्हेल पाण्यासकट मावतात, आणि नेक्स्ट जनरेशनमध्ये तेच मॉडेल वापरून ते एंटरप्राइज-डी च्या शेजारी भलंमोठं दाखवलंय. कारण साधं आहे, नवीन मॉडेल करायला वेळ आणि पैसा लागतो, हातात असलेलं चांगलं मॉडेल परत वापरलं जातं आणि शॉट फ्रेममध्ये कसा भरलेला दिसेल हे बघितलं जातं, मीटर कुणी मोजत नाही. यात लाज वाटण्यासारखं काय आहे, सरळ लिहा की.

हे मॅन्युअल न आवडणारेही लोक आहेत आणि त्यांचं मला पटतं. चित्रं बघायचीत तर १९९८ चं स्टार वॉर्स इन्क्रेडिबल क्रॉस-सेक्शन्स घ्या, हान्स येन्सन आणि रिचर्ड चेसमोर यांनी यानं अशी उघडून दाखवलीयेत की एका पानावर संध्याकाळ जाते. इंजिनियरच्या हातचं काम बघायचंय तर फ्रान्झ जोसेफचं १९७५ चं स्टार फ्लीट टेक्निकल मॅन्युअल, हा माणूस विमान उद्योगात ड्राफ्ट्समन होता आणि त्याच्या रेषेत ते दिसतं. पण यान कसं चालतं, कुठे अडतं आणि का अडतं हे समजून घ्यायचं असेल तर स्टर्नबाख-ओकुडाच. माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा गुण त्या मॉडेलच्या माहितीसाठी कापला.

घ्यायचं असेल तर सुरुवातीपासून सलग वाचायला बसू नका, आधी वॉर्पचा भाग वाचा, मग ट्रान्सपोर्टर, आणि जवळ कागद-पेन ठेवा कारण आकडे दिसले की हिशोब करावासा वाटतोच. आणि नवीन पुस्तक हातात आल्यावर मी पहिलं पान उघडणार ते बर्ड ऑफ प्रेचं, किती मीटर लिहिलेत आणि ते कुठल्या सिनेमातल्या कुठल्या शॉटवरून काढलेत ते बघायला. तेवढं एक नीट दिलं असेल तर बाकीचं पुस्तक मी डोळे मिटून घेईन.