अडॅप्टिव्ह क्रूझ कंट्रोल: एक पावसाळा आणि एक गाळप हंगाम वापरून झाल्यावर

आपण लावलेला वेग धरून ठेवणारी आणि समोरच्या गाडीपासून आपोआप अंतर राखणारी ही सोय उत्तम आहे, हे आधीच सांगून टाकते. पण शोरूममध्ये ती ज्या तऱ्हेने गळ्यात घातली जाते, त्याची मला मनापासून काळजी वाटते, आणि एवढं लांबलचक लिहायला बसले ते त्यासाठीच. डिलिव्हरीच्या दिवशी मला सांगितलं गेलेलं वाक्य होतं, "मॅडम, एकदा स्पीड सेट केला की गाडी सगळं बघते." गाडी सगळं बघत नाही. ती नेमकं काय बघते आणि काय बघत नाही, हे कळल्याशिवाय हे बटण दाबू नये.

गाडी मध्यम आकाराची पेट्रोल ऑटोमॅटिक एसयूव्ही आहे. बंपरमध्ये रडार, पुढच्या काचेला आरशामागे कॅमेरा. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण खाली जे लिहिलंय ते थोड्याफार फरकाने बहुतेक कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये सापडतं. फक्त ते कोणी वाचत नाही. माझा वापर म्हणजे नोकरीसाठी पुणे-पनवेल, सासरी जायला पुणे-कराड, आणि मधूनमधून समृद्धीवरून नागपूर.

चांगलं काय ते आधी. मोकळ्या द्रुतगती मार्गावर 100 लावून ठेवलं की उजव्या पायाचा आणि कंबरेचा ताण खरोखर उतरतो. समोरची गाडी हळू झाली की आपली हळू होते, ती सरकली की पुन्हा वेग धरते. रस्त्यावरच्या स्पीड कॅमेऱ्याच्या चलनाची धास्ती राहत नाही, कारण वेग नकळत 110-115 वर जात नाही. समृद्धीवर, जिथे मर्यादा 120 आहे आणि तासन्‌तास रस्ता सरळच्या सरळ, तिथे तर फरक फारच जाणवतो. पनवेलहून संध्याकाळी घरी आल्यावर मी आता स्वयंपाकाला उभी राहू शकते. पूर्वी आधी अर्धा तास पडायला लागायचं.

आता मुद्द्याचं. रडार 76-77 गिगाहर्ट्झच्या लहरी सोडतं आणि आपटून परत येणाऱ्या लहरींवरून समोरच्या वस्तूचं अंतर आणि वेग ओळखतं. आपण 100 ने जात असताना रस्त्याकडेची पाटी, क्रॅश बॅरिअर, डोक्यावरचा पूल, पुलाच्या सांध्यावरची लोखंडी पट्टी, हे सगळं रडारच्या लेखी आपल्याकडे 100 ने येत असतं. यातल्या प्रत्येकासाठी ब्रेक लागला तर गाडी चालवणंच अशक्य होईल. म्हणून जे जागचं हलत नाही ते बाजूला टाकायचं आणि जे चालतंय त्याच्यावर लक्ष ठेवायचं, अशी या यंत्रणेची मुळातली रीत. गोम इथेच आहे. लेनमध्ये बंद पडलेला ट्रकही जागचा हलत नाही. जोडीला कॅमेरा असल्यामुळे नव्या गाड्या उभं वाहन पुष्कळदा ओळखतात, पण महामार्गाच्या वेगात ते वेळेवर ओळखलं जाईलच, अशी हमी माझ्या मॅन्युअलमध्ये नाही. उलट तसं होणार नाही असं धरून चाला, असंच त्यात लिहिलंय.

कामशेतच्या अलीकडे हे मी समोर घडताना पाहिलं. मधल्या लेनमध्ये एका बंद बॉडीच्या टेम्पोच्या मागे होते, वेग नव्वदच्या आसपास. टेम्पो एकाएकी डावीकडे वळला. त्याच्या पुढे एक ट्रेलर उभा. मागे रिफ्लेक्टरचा त्रिकोण वगैरे काही नाही. चार दगड, त्यात खोचलेली झाडाची फांदी, आणि थोडं अलीकडे क्लीनर हातातलं फडकं हलवत उभा. माझ्या मीटरवरचं समोरच्या गाडीचं हिरवं चित्र नाहीसं झालं आणि इंजिनाचा आवाज चढला. म्हणजे टेम्पो गेला, रस्ता मोकळा झाला असं समजून गाडीने 100 गाठायला सुरुवात केली होती. टेम्पोची चाकं वळताना दिसली तेव्हाच माझा पाय ब्रेकवर गेला होता, त्यामुळे काही झालं नाही. पण तो चढलेला आवाज मी विसरणार नाही.

हा माझ्याच गाडीचा दोष नाही. 22 जानेवारी 2018 ला कॅलिफोर्नियातल्या कल्व्हर सिटीजवळ एक टेस्ला मॉडेल एस उभ्या अग्निशमन गाडीवर मागून आदळली, तेही असंच. पुढची गाडी लेन बदलून निघून गेली, समोर थांबलेला बंब, आणि शेवटच्या तीन-चार सेकंदांत कारचा वेग ताशी 34 किलोमीटरवरून सुमारे 50 वर गेला. सुदैवाने कोणी जखमी झालं नाही. एनटीएसबी या अमेरिकेच्या अपघात तपास संस्थेने चौकशी केली. चालकाचं लक्ष नव्हतं आणि तो यंत्रणेवर नको इतका विसंबला होता, हे कारण त्यांनी नोंदवलं; ज्या रचनेमुळे चालकाला असं बेफिकीर राहता आलं, तिच्याकडेही बोट दाखवलं. तिकडे अग्निशमन गाडी दिवे लावून उभी होती. आपल्याकडे फांदी असते.

दुसरी मर्यादा आकड्यांची आहे आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. आयएसओ 15622 हे या यंत्रणेचं आंतरराष्ट्रीय मानक. महामार्गाच्या वेगाला क्रूझने आपणहून किती जोरात ब्रेक लावावा, याला त्यात वरची मर्यादा आहे: दर सेकंदाला सरासरी 3.5 मीटर प्रतिसेकंद, म्हणजे ताशी साडेबारा किलोमीटरने वेग कमी. गणित करून बघा. 100 वरून थांबायला 8 सेकंद आणि 110 मीटर लागतात. 120 वरून जवळपास 160 मीटर. कोरड्या रस्त्यावर, बऱ्या टायरवर आपण ब्रेक पूर्ण दाबला तर 100 वरून पन्नासेक मीटरमध्ये गाडी उभी राहते. थोडक्यात, क्रूझचा ब्रेक हा मुद्दामच सौम्य ठेवलेला आहे, कारण यंत्रणेची चूक झाली तर मागच्याने येऊन धडकू नये. आणीबाणीचा ब्रेक ही वेगळी यंत्रणा, ती अगदी शेवटच्या क्षणी जागी होते आणि तिच्याही स्वतःच्या अटी आहेत. मधली जी जागा उरते ती चालकाच्या पायाची. ती दुसरं कोणी भरून काढत नाही.

अंतराच्या सेटिंगबद्दल थोडं. जास्तीत जास्त अंतर लावलं की त्या मोकळ्या जागेत दर मिनिटाला कोणीतरी घुसतं, गाडी ब्रेक मारते, पुन्हा अंतर पाडते, पुन्हा कोणी घुसतं. वैतागून लोक एकच रेघ, म्हणजे सगळ्यात कमी अंतर, ठेवतात. 100 च्या वेगात एका सेकंदाचं अंतर म्हणजे फक्त 28 मीटर. मला ते परवडत नाही, मी मोठंच अंतर ठेवते. लोक घुसतात तर घुसू देत, पनवेलला दोन मिनिटं उशिरा पोचते इतकंच.

घाटात क्रूझ बंद. बोरघाट असो की खंबाटकी, यावर माझ्यापुरती चर्चा संपलेली आहे. रडारची नजर सरळ आणि अरुंद असते. वळणावर पुढची गाडी त्या नजरेतून सुटते आणि आपली वेग घ्यायला लागते. किंवा शेजारच्या लेनमधला ट्रक समोर आहे असं वाटून ती विनाकारण ब्रेक मारते, आणि मागून येणाऱ्या कंटेनरला त्याचा पत्ता नसतो. बोरघाटातली मर्यादा कारसाठी 60 आहे, उतार लांब आहे, आणि उतारावर गिअर पाडून इंजिनच्या जोरावर उतरायची समज माझ्या गाडीच्या क्रूझला नाही. ती ब्रेक दाबत बसते. लोणावळा सोडलं की मी बटण दाबून बंद करते ते खोपोली मागे पडल्यावरच पुन्हा.

आणि मग ऊस. कराडकडे दसरा-दिवाळीनंतर जो जातो त्याला हे सांगायला नको. अंधार पडला की रस्त्यावर एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असलाच तर चिखलाने माखलेला, आणि ट्रॉलीच्या फळीच्या बाहेर हात-दोन हात लोंबणारा ऊस. रडारला धातू चांगला दिसतो. म्हणजे अंतर मोजलं जाण्याची शक्यता ट्रॉलीच्या लोखंडापर्यंत, आणि आपल्या काचेवर आधी येणार तो ऊस. बाहेर आलेला माल नीट ओळखला जात नाही, असं कित्येक मॅन्युअलमध्ये स्पष्ट छापलेलं असतं. सळ्या भरलेल्या टेम्पोचंही तेच. ट्रॅक्टरचा वेग वीस-पंचवीस, आपला ऐंशी, आणि कॅमेऱ्याला काळोखात काळी ट्रॉली. दुचाकीचीही गत तशीच: आकार लहान, लेनच्या कडेने चालणारी, कधी उलट्या दिशेने येणारी. सातारा ओलांडला आणि दिवस मावळला की मी क्रूझला हात लावत नाही.

एकदा सासरच्या लग्नाहून परतताना माझे दीर शेजारी बसले होते. ते म्हणाले, "वहिनी, पाय कशाला ब्रेकवर? गाडी आपोआप थांबते की." मी म्हटलं, "भावोजी, थांबली नाही तर ट्रॉलीवाल्याला तुम्ही काय सांगणार?" त्यांच्या मोबाईलवर रील्स होतीच: क्रूझ आणि लेन असिस्ट (गाडी लेनमध्ये धरून ठेवणारी सोय) चालू ठेवून चालक सीटवर मांडी घालून बसलाय, कोणी मागच्या सीटवर जाऊन पत्ते खेळतोय. हे बघून मला चीड येते. त्या रस्त्यावर दुसऱ्यांची मुलंबाळं असतात.

टोलनाका ही अशीच एक दुर्लक्षित जागा. फास्टॅगच्या लेनमध्ये पुढची गाडी निघून जाते, तिच्यामागे आडवा दांडा खाली येतो, आणि क्रूझ चालू असेल तर गाडी पुढच्या गाडीच्या मागे निघू बघते. तो बारीक दांडा तिच्या लेखी काहीच नाही. बाहेर पडायच्या रस्त्यावरही तसंच: पुढची गाडी सरळ जाते, आपण डावीकडे वळतो, समोर रिकामा रॅम्प, आणि गाडीला 100 ची आठवण येते. आधी लावलेला वेग पुन्हा धरणाऱ्या ‘रिझ्यूम’ बटणाचंही तेच; मघाचा वेग किती लावला होता हे आठवत नसेल तर ते दाबू नये.

पावसाळ्यात लोणावळ्याच्या धुक्यात आणि ट्रकच्या चाकांच्या फवाऱ्यात यंत्रणा स्वतःच बंद होते, ‘रडार ब्लॉक्ड’ असा संदेश येतो. हे मला आवडतं, निदान प्रामाणिक आहे. मुंबईकडे जाताना मावळतीचं ऊन समोरून आलं की कॅमेराही मान टाकतो. आणि दसऱ्याला झेंडूचा हार नेमका रडारच्या पट्टीवर आला तरी हेच होतं, तेव्हा हार बॉनेटवर घाला.

कायद्याचं म्हणाल तर चित्र स्वच्छ आहे. एसएई या वाहन अभियंत्यांच्या संघटनेच्या जे3016 या वर्गवारीत, म्हणजे गाडी किती स्वयंचलित आहे याच्या पातळ्यांत, नुसतं अडॅप्टिव्ह क्रूझ म्हणजे लेव्हल 1, त्याला लेन धरून ठेवणारी यंत्रणा जोडली की लेव्हल 2, आणि या दोन्हींत रस्त्यावर सतत लक्ष ठेवणं हे चालकाचंच काम धरलेलं आहे. मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 184 धोकादायक ड्रायव्हिंगचं आहे, भारतीय न्याय संहितेची कलमं 281 आणि 106 बेदरकारपणा आणि निष्काळजीपणाने झालेल्या मृत्यूची. क्रूझ चालू होतं म्हणून सुटका, अशी सवलत त्यांत कुठेही नाही. मला कायद्याच्याही आधी हे साधं वाटतं, की स्टिअरिंगवर मी बसले असेन तर गाडीने केलेली प्रत्येक गोष्ट मी केलेली आहे.

घ्यावं का? महामार्गावर नियमित जाणं असेल तर जरूर घ्या. फक्त शहरात फिरणार असाल तर त्या व्हेरिएंटचे जादा पैसे वाचवून चांगले टायर घाला. घेताना एवढं विचारा, की वेग शून्यावर आल्यावरही ते धरून राहतं की ताशी तीसच्या खाली आपोआप सुटतं. काही गाड्यांत सुटतं, आणि पुढे गाड्यांची रांग लागलेली असताना ते कळणं परवडत नाही. घरातलं दुसरं कोणी गाडी चालवणार असेल तर हे सगळं त्यांना बसवून सांगा. माझ्या घरी बाबांना, म्हणजे सासऱ्यांना, मी मॅन्युअलची ती पानं मोठ्याने वाचून दाखवली. आणि पुढची काच बदलली किंवा बंपरचं काम केलं, तर कॅमेरा-रडारचं कॅलिब्रेशन, म्हणजे त्यांची नजर पुन्हा नेमकी जुळवणं, झालं का ते सर्व्हिस सेंटरला विचारा आणि बिलावर तशी वेगळी नोंद असल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नका.