होमपेजवर काय दिसावं हे आपण ठरवायचं: 'प्री गेट पोस्ट्स' बरेच महिने वापरल्यावरचा अनुभव

वेबसाइट चालवायच्या वर्डप्रेस या सॉफ्टवेअरचं होमपेज मुळात एकच गोष्ट करतं, शेवटी जे पब्लिश केलं ते सगळ्यात वर, आणि सेटिंग बदललं नाही तर एका पानावर १० पोस्ट. माझ्या साइटवर मोठे लेख कमी आणि बारीकसारीक सूचना भरपूर, त्यामुळे आठवडाभर खपून लिहिलेला लेख दोन दिवसांत दुसऱ्या पानावर जायचा, मला ते अजिबात पटत नव्हतं. म्हणून सूचनांची कॅटेगरी होमपेजवरून काढली आणि पुस्तक परीक्षणांचा वेगळा पोस्ट टाइप (म्हणजे मजकुराचा वेगळा प्रकार) त्यात आणला, आणि हे सगळं 'प्री गेट पोस्ट्स' (pre_get_posts) या हुकवर केलं. हुक म्हणजे वर्डप्रेसच्या कामात मध्येच आपला कोड जोडायची जागा. आता बरेच महिने झालेत, तर सविस्तर लिहितो.

आधी हाच हुक का ते सांगतो. नेटवरच्या जुन्या ट्युटोरियलमध्ये 'क्वेरी पोस्ट्स' हे फंक्शन वापरा असं अजूनही सापडतं. त्यात काय होतं की वर्डप्रेस आधी आपली नेहमीची क्वेरी (डेटाबेसकडे केलेली पोस्टची मागणी) चालवून मोकळं होतं, मग टेम्पलेटमध्ये (पानाची मांडणी ठरवणाऱ्या फाइलमध्ये) तुम्ही दुसरी चालवता आणि पहिलीचे रिझल्ट फुकट जातात. आणि खरी गोची पुढच्या पानांची. समजा पोस्ट १८ आहेत, सेटिंगमध्ये १० आणि तुमच्या वेगळ्या क्वेरीत ५, तर तुमच्या हिशेबाने पानं ४, पण वर्डप्रेसच्या हिशेबाने २, त्यामुळे तिसऱ्या पानाची लिंक दिसते आणि क्लिक केलं की ४०४, म्हणजे पान सापडत नाही. 'प्री गेट पोस्ट्स' मध्ये डेटाबेसकडे जायच्या आधीच मूळ क्वेरी बदलते, त्यामुळे पानांचा हिशेब आपोआप जुळतो. इतक्या महिन्यांत पेजिनेशनने (पोस्टच्या पानांत होणाऱ्या विभागणीने) एकदाही त्रास दिला नाही.

तीन अटी मात्र घालायच्याच: अ‍ॅडमिनची (साइट सांभाळायची) पानं नकोत, पानाची मुख्य म्हणजे मेन क्वेरीच हवी, आणि 'इज होम', म्हणजे पान पोस्टच्या यादीचंच हवं. मेन क्वेरीची अट नसेल तर साइटचा मेनूच गायब होऊ शकतो, कारण मेनूचे आयटमसुद्धा आतून पोस्टच असतात आणि त्यांचाही पोस्ट टाइप तुम्ही बदलून टाकता! रीडिंग सेटिंगमध्ये होमपेज म्हणून स्थिर पान निवडलं असेल तर 'इज होम' तिथे लागू होत नाही, ते पोस्टच्या पानाला लागू होतं, हेही बघून घ्या.

आता सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते स्टिकी पोस्टने, म्हणजे कायम वर राहावी म्हणून खूण केलेल्या पोस्टने. सूचनांची कॅटेगरी वगळलेली, तरी एक सूचना होमपेजवर अगदी वर बसलेली, कॅश साफ केली तरी तिथेच. मग कोअरचा, म्हणजे वर्डप्रेसचा मूळ कोड उघडून वाचला तेव्हा कळलं की स्टिकी पोस्ट जर मूळ रिझल्टमध्ये नसतील तर वर्डप्रेस त्या वेगळ्याने मागवून वर चिकटवतं आणि त्या मागवण्यात तुमची कॅटेगरीची अट नसते. म्हणूनच कधी कधी १० च्या जागी ११-१२ पोस्ट दिसतात. उपाय सोपा आहे, 'इग्नोर स्टिकी पोस्ट्स' चालू करायचं, किंवा तेवढी एकच पोस्ट नको असेल तर 'पोस्ट नॉट इन' मध्ये तिचा आयडी द्यायचा, ते पाळलं जातं.

अजून एक बारीक गोष्ट, 'कॅटेगरी नॉट इन' फक्त तीच कॅटेगरी वगळतं, तिच्या पोटातल्या कॅटेगऱ्या नाही. त्याही जायला हव्या असतील तर 'कॅट' मध्ये कॅटेगरीच्या आयडीला उणे चिन्ह लावून द्या. मला हेच जास्त सोयीचं वाटलं.

ऑफसेटच्या नादी शक्यतो लागू नका. पहिल्या दोन पोस्ट सोडायच्या म्हणून ऑफसेट दिला की पान क्रमांकाकडे दुर्लक्ष होतं आणि प्रत्येक पानावर त्याच त्या पोस्ट येतात, मग हिशेब हाताने करत बसा.

कोडच नको असेल तर वर्डप्रेस ५.८ पासून पोस्टची यादी दाखवणारा क्वेरी लूप ब्लॉक आहे, छोट्या साइटला तो पुरेसा आहे, माउसने कॅटेगरी निवडली की झालं. पण दोन-तीन अटी एकत्र आल्या की मला हुकच बरा वाटतो, सगळं एका जागी वाचता येतं. फक्त तो कोड थीमच्या फाइलमध्ये ठेवू नका, थीम बदलली की गेला. छोटंसं प्लगिन (वर्डप्रेसला वेगळा जोडायचा कोड) करून त्यात ठेवा.

आणि हो, फीडला (नव्या पोस्ट वाचकांच्या रीडर अ‍ॅपमध्ये पोचवणाऱ्या यादीला) 'इज होम' लागत नाही, त्यामुळे वगळलेल्या सूचना फीडमधून जातच राहतात. माझ्या वाचकांना त्या तिथे हव्याच आहेत म्हणून मी तसंच ठेवलंय, तुम्हाला नको असतील तर 'इज फीड' ची अट वेगळी जोडा.