के-थ्री-एस सहा-सात महिने वापरून: बाकी झकास, स्टोरेजने मात्र डोकं खाल्लं

अंबड एमआयडीसीतल्या आमच्या प्लांटला क्वालिटीचं सॉफ्टवेअर घेतलं, ते कंटेनरवरच (अ‍ॅप आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेलं पॅकेट) चालतं म्हणून वेंडर म्हणाला आधी क्लस्टर, म्हणजे एकत्र काम करणारे सर्व्हर, तयार ठेवा. तीन जुने सर्व्हर धूळ खात होते, त्यांच्यावर के-थ्री-एस टाकलं, म्हणजे कंटेनर सांभाळणाऱ्या क्युबरनेटिसची हलकी आवृत्ती. इन्स्टॉलबद्दल लिहीत बसत नाही, ते सगळ्यांना माहितीये. नेटवर्क, इनग्रेस (बाहेरची वेब ट्रॅफिक आत घेणारा दरवाजा), लोड बॅलन्सर सोबतच येतं, क्युबअ‍ॅडमसारखं, म्हणजे साधं क्युबरनेटिस उभारायच्या साधनासारखं, एकेक शोधून जोडायला लागत नाही.

माझा राग आहे तो सोबत येणाऱ्या लोकल-पाथ स्टोरेज क्लासवर (स्टोरेज क्लास म्हणजे अ‍ॅपला डिस्क कशी द्यायची याचा साचा). डेटाबेसने २० जीबी मागितले, पीव्हीसी (डिस्कच्या जागेची मागणी) बाउंड झाला, म्हणजे जागा मिळाली, सगळं हिरवंगार. पण ते २० जीबी म्हणजे मुंबई-आग्रा हायवेवरची वेगमर्यादेची पाटी, नुसतं लिहिलेलं, अडवणारं कोणी नाही. प्रत्यक्षात ते रूट डिस्कवरचं साधं फोल्डर असतं. इन्स्पेक्शनचे फोटो साचत गेले, डिस्क भरली, नोडवर (क्लस्टरमधल्या त्या सर्व्हरवर) डिस्कप्रेशर, म्हणजे डिस्क भरत आल्याचा इशारा, लागलं आणि क्युबलेटने (नोडवरचा क्युबरनेटिसचा एजंट) पॉड (चालू कंटेनरचा गट) हाकलायला सुरुवात केली. तेही नेमकं महिनाअखेरीला, गाड्या गेटवर उभ्या!

वेंडरला फोन केला तर, "सर, क्लस्टर आमच्या स्कोपमध्ये येत नाही." अरे पण तुमच्या शीटमध्ये सीपीयू, रॅम, ६४४३ पोर्ट सगळं लिहिलंय आणि स्टोरेजला फक्त एक ओळ, 'डिफॉल्ट स्टोरेज क्लास असावा'. होता की डिफॉल्ट! यावर तासभर भांडण झालं.

मग लाँगहॉर्न टाकलं, हे स्टोरेज डेटाच्या प्रती वेगवेगळ्या नोडवर ठेवतं. प्रत्येक नोडवर आधी ओपन-आयस्कझी (नेटवर्कवरून डिस्क जोडणारं सॉफ्टवेअर) लागतं, ते ठीक, पण डिफॉल्ट तीन रेप्लिका (प्रती) म्हणजे १०० जीबीला ३०० जीबी डिस्क, माझ्या जिवावर आलं. स्टोरेज क्लासचे पॅरामीटर नंतर बदलता येत नाहीत म्हणून दोन रेप्लिकांचा वेगळा क्लास बनवला आणि लोकल-पाथचा डिफॉल्टचा शिक्का काढला, तो काढाच, नाहीतर दोन-दोन डिफॉल्ट होऊन बसतात.

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं आणि लाँगहॉर्नला उधळ्या म्हणणार होतो. पण मध्ये वादळी पावसात लाइट ये-जा करून एका सर्व्हरचा पॉवर सप्लाय उडाला. अडकलेला पॉड हाताने फोर्स डिलीट करावा लागला, पाच-सात मिनिटं जीव टांगणीला, पण दुसऱ्या नोडवर डेटासकट उठला राव! लोकल-पाथवर असता तर तो नोड चालू होईपर्यंत पेंडिंगच, कारण डेटा त्याच डिस्कवर. म्हणून आता डेटाबेस लाँगहॉर्नवर आणि कॅशसारखं फुटकळ लोकल-पाथवर, तिथे ते वेगवान आहे आणि फुकटही.

परवा वेंडरने एएमसीच्या कोटेशनमध्ये 'क्लस्टर हेल्थ चेक' म्हणून नवीन ओळ घातली, पैसे वेगळे. स्कोपमध्ये येत नव्हतं ना? ती ओळ खोडून परत पाठवलीये.