रुळांशेजारच्या घरात टर्नटेबल: नऊ महिन्यांनंतर

दिवाळीच्या बोनसमधून टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड प्लेअर, घेतलं त्याला आता नऊ महिने होतील. तेव्हा दोनतीन मित्रांनी विचारलेलं, सांग रे कसंय, घ्यावं का, आणि मी पहिल्याच आठवड्यात "एकदम भारी" म्हणून मोकळा झालो होतो. नवीन वस्तूच्या कौतुकात बोललो, दुसरं काय. आता मशीनने एक मुंबईचा मे महिना काढलाय आणि अर्धा पावसाळा, तर नीट लिहितो. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, पुढे थोडी रडगाणी आहेत. बेल्ट ड्राइव्ह (मोटर रबरी पट्ट्याने रेकॉर्ड फिरवते), पूर्ण मॅन्युअल (सुई हातानेच ठेवायची-उचलायची), सुईचा बारीक आवाज वाढवणारा फोनो प्रीअँप आतच, अठरा हजारांच्या आसपास. स्पीकर जुनेच, कॉलेज संपल्यावर पहिल्या पगारातून घेतलेले.

आधी घर सांगतो, कारण निम्मा रिव्ह्यू घराचाच आहे. माटुंगा रोडला रुळांना लागून जुनी बिल्डिंग, तिसरा मजला, लाकडी तुळयांवरची जमीन. गाडी गेली की कपाटातले स्टीलचे डबे किणकिणतात, आम्हाला ते ऐकूही येत नाही इतकी सवय. सुईला ती सवय नव्हती. पहिल्या दिवशी टीव्हीच्या युनिटवर मशीन ठेवलं, लावला लेड झेपेलिन या रॉक बँडचा चौथा अल्बम, दुसऱ्या मिनिटाला फास्ट गाडी गेली आणि सुई टुणकन पुढच्या गाण्यात. मग बायको नुसती किचनमधून बाहेर आली तरी उडी. मुलगी तर आठवीत आहे पण चालते हत्तीसारखी. चार दिवस सगळे घरात चोरपावलांनी वावरत होते आणि माझ्याकडे बघत होते. आई म्हणाली, "अरे, रेडिओला असलं काही लागायचं नाही."

यूट्यूबवरच्या गोऱ्या लोकांचे उपाय म्हणजे हादरे अडवणारा वीस हजारांचा आयसोलेशन स्टँड. मी केलं ते असं: जमिनीचा संबंधच तोडला. बाहेरची भिंत जाड आहे, तिच्यात लोखंडी ब्रॅकेट मारून घेतले आणि मार्बलवाल्याकडून ओट्याचा कापून उरलेला कडाप्पा आणला, दोन फूट बाय दीड फूट, साडेतीनशे रुपये, कडा घासून दिल्या त्याचे पन्नास वेगळे. कडाप्पा आणि ब्रॅकेटच्या मध्ये पंक्चरवाल्याकडून आणलेल्या ट्यूबचे तुकडे, चार घड्या घालून. लेव्हल मुलीच्या खेळातल्या गोटीने बघितली, गोटी हलली नाही म्हणजे झालं. तेव्हापासून गाडीने एकदाही सुई उडालेली नाही. गणपतीत खाली ढोलपथक आलं की काय होतं ते पुढच्या महिन्यात कळेल.

दुसरी भानगड जास्त शिकवून गेली. झेपेलिन चारच्या साइड 'ए'चं, म्हणजे पहिल्या बाजूचं, शेवटचं गाणं 'स्टेअरवे टू हेवन', आठ मिनिटांचं, आणि ते अगदी शेवटाला पेटतं हे सगळ्यांना माहितीय. माझ्याकडे नेमकं तिथे फाटायचं. त्यांचा गायक प्लांट, त्याच्या तोंडचा प्रत्येक 'स' म्हणजे कढईत पाणी पडल्यासारखा चर्र. मला वाटलं रेकॉर्ड खराब, मग वाटलं स्पीकर गेले. भानगड भूमितीची निघाली. रेकॉर्ड मिनिटाला ३३⅓ फेरे मारते, बाहेर असो की आत, तेवढेच. पण बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण ५० सेंटीमीटर खाच सरकते आणि लेबलजवळ आलं की जेमतेम २१. म्हणजे तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबलेला, थोडक्यात संध्याकाळी सहाची विरार. स्वस्तातली सुई, त्यात कंपनीतून थोडी वाकडी बसवलेली, ती तिथे गडबडते. हेल्पलाइनवाल्याने तीन वेळा सांगितलं की सर, रेकॉर्ड पुसून बघा. शेवटी नेटवरून प्रोट्रॅक्टरची (सुईचा कोन जुळवायच्या पट्टीची) प्रिंट काढली, सुई ज्यात बसते त्या कार्ट्रिजचे दोन स्क्रू सैल केले आणि रविवारची अख्खी दुपार ते केसाएवढं इकडेतिकडे करत बसलो, सुईवरचं वजनही परत लावलं, दोन ग्रॅमला जरा कमी. आता ऐंशी टक्के गेलंय. वीस टक्के आहे अजून आणि ते या सुईत राहणारच, घेणाऱ्याने हे धरून चालावं.

बेल्ट मे महिन्यात ढिला पडला. पिंक फ्लॉइड ऐकत होतो आणि वाटलं त्यांचा गिटारवाला गिलमोर आज जरा पेंगुळलाय, मग फोनचं अ‍ॅप प्लॅटरवर, म्हणजे फिरत्या तबकडीवर, ठेवून मोजलं तर मिनिटाला ३२.५ फेरे दाखवतंय. सर्व्हिस सेंटर म्हणे सहा आठवडे. लॅमिंग्टन रोडला एका दुकानात मापाचा बेल्ट दहा मिनिटांत मिळाला, दोनशे ऐंशी. धूळ बसू नये म्हणून वर जे प्लास्टिकचं झाकण येतं त्याचं एक बिजागर मार्चमध्येच तुटलं, आता झाकण नुसतं वर ठेवतो.

आणि आवाज? "रेकॉर्डचा आवाज म्हणजे वेगळाच, ऊबदार" वगैरे जे म्हणतात त्यावर माझा फार विश्वास राहिलेला नाही. चांगल्या इअरफोनवर फोनमधून येतं ते स्पष्टपणात याच्या पुढेच आहे, आणि चर्चगेट गाडीत मी अजून तेच ऐकतो. फरक पडलाय तो भलतीकडेच. मला साइड परत मिळाली.

आता बीटल्सचा 'अ‍ॅबी रोड' घ्या. १९६९ चा अल्बम, मी तो वीस वर्षं तरी ऐकतोय, आधी कॅसेट, मग कुणीतरी राइट करून दिलेली एमपी-थ्रीची सीडी, मग फोन. पहिल्या साइडच्या शेवटी 'आय वाँट यू' आहे, एकच गिटारचा घाट मिनिटामिनिटांनी जड होत जातो, वाऱ्यासारखा खरखराट वाढत जातो आणि अचानक, मध्येच, बंद. फेड नाही काही नाही, लाइट गेल्यासारखं. फोनवर त्याला चिकटून लगेच 'हिअर कम्स द सन' यायचं त्यामुळे तो धक्का मला कधी नीट लागलाच नव्हता, ऐकताना फक्त गाणं बदललंय असं वाटायचं. इथे खटकन थांबलं आणि खोलीत शांतता. पंख्याचा आवाज, खाली कुणाच्या तरी कुकरची शिट्टी. मी सवयीने मशीनकडे बघितलं, परत बिघडलं की काय. सगळं माहीत असून. मग उठलो, रेकॉर्ड उलटली, सुई ठेवली, आणि हॅरिसनची ती कोवळी गिटार सुरू झाली. मधला तो अर्धा मिनिट अल्बममध्येच होता की! कॅसेटवरही तो असणारच, पण तेव्हा आम्ही कॅसेटही आवडत्या गाण्यापर्यंत पेन्सिलीने फिरवायचो, सेल वाचवायला.

पिंक फ्लॉइडच्या 'डार्क साइड ऑफ द मून'चंही तेच. २००७ च्या फेब्रुवारीत फ्लॉइडच्याच रॉजर वॉटर्सने बीकेसीच्या मैदानात तो अख्खा वाजवला तेव्हा मी मागे धुळीत उभा होतो, अंगावर काटा आलेला, पण 'ग्रेट गिग' हे गाणं कुठे संपतं आणि पुढच्या 'मनी'तली पैशांची खणखण कुठे सुरू होते हे तिथेही सलगच. १९७३ च्या रेकॉर्डवर मध्ये उलटावं लागतं. मरणाचं गाणं संपलं, उठा, मग बाजार.

या 'ग्रेट गिग'वरून आईचं आणि माझं झालं ते सांगायलाच हवं. रेकॉर्डच्या सुरुवातीला छातीचे ठोके ऐकून तिने विचारलं होतं, मोटर वाजतेय का रे. भाजी निवडत बसलेली, तिचं लक्ष नव्हतं. मग ती बाई सुरू झाली. शब्द नाहीत, नुसता आवाज, वर वर चढत जातो, फुटतो, मग दमून कुजबुजल्यासारखा खाली येतो. आईचा हात थांबला. तिचे कान किशोरीताईंवर पोसलेले, माझ्या गाण्यांना ती पंचवीस वर्षं "ते ठोकाठोकीचं" म्हणत आलीय.

"रडतेय का गातेय ही?"

"गातेय. शब्दच नव्हते दिलेले, तूच काय ते गा म्हणाले."

"म्हणजे आलापीच की. आणि नाव काय हिचं?"

मी सांगितलं, क्लेअर टॉरी, एका दिवसासाठी बोलावलेली, तीस पौंड दिले होते, आणि गाण्याच्या श्रेयात नाव यायला कोर्टात जावं लागलं, २००५ मध्ये तडजोड होऊन मग आलं. आई मेथीची जुडी परत उचलत म्हणाली, "तीस पौंडात बोळवण केली म्हणायची. मेल्यांनी." तेव्हापासून ते गाणं घरात 'मेल्यांचं गाणं' आहे.

घरात साइड हे आता मापच झालंय. साधारण वीस-बावीस मिनिटं. बायको सांगते, एक साइड होईपर्यंत भात होईल, मग पानं घेऊ. शनिवारी मुलीच्या गणिताच्या दोन साइड. ती मध्ये "पुढचं लाव ना" म्हणायची, आता म्हणत नाही कारण पुढचं लावायचं तर उठून, वाकून, खाचांमधली काळी रेघ शोधायला लागते आणि तिला तेवढा कंटाळा आहेच. त्यामुळे तिने झेपेलिनची साइड बी पूर्ण ऐकली, जी मी तिच्या वयात कधी ऐकली नव्हती. तिला 'फोर स्टिक्स' आवडलं. तेच गाणं १९७२ मध्ये झेपेलिनचा गिटारवाला पेज आणि प्लांट यांनी इथे मुंबईत आपल्या वादकांना घेऊन परत रेकॉर्ड केलं होतं, ते बाहेर आलं थेट २०१५ ला, हे सांगितल्यावर "मुंबईत कुठे?" एवढंच विचारून ती फोनवर शोधायला लागली.

खर्चाचं स्पष्ट सांगतो. नवी इम्पोर्टेड रेकॉर्ड अडीच हजारांच्या खाली क्वचित मिळते, चारपर्यंत जाते. नऊ महिन्यांत माझ्या अकरा झाल्यात, त्यातल्या चार चोरबाजारातल्या जुन्या, कोलकात्याच्या डमडमला छापलेल्या एचएमव्हीच्या. रेकॉर्डचं दुकान ऱ्हिदम हाऊस २०१६ ला बंद झाल्यापासून ऑफिस सुटल्यावर काळा घोड्याला जाऊन नुसती कव्हरं चाळायची ती मजा गेलीच. चोरबाजारात मजा आहे पण बुरशीही आहे. जुलैत माझ्या दोन कव्हरांना पांढरी बुरशी आली, रेकॉर्डवर चक्क पावडर सांडल्यासारखे ठिपके. डिस्टिल्ड वॉटर, भांड्याच्या लिक्विडचे दोन थेंब, मऊ कपडा, खाचेच्या दिशेने गोल पुसायचं, आडवं नाही, लेबल भिजू द्यायचं नाही. आतली जुनी कागदी पाकिटं फेकून दिली. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या आहेत, बुटांच्या खोक्यांतल्या जमवलेल्या.

एक शेवटची तक्रार, याला ऑटो-स्टॉप नाही. साइड संपली की सुई आतल्या खाचेत टक, टक, टक फिरत राहते, उठून उचलेपर्यंत. मागच्या शनिवारी रात्री मी ऐकता ऐकता खुर्चीतच झोपलो. पाच वाजता पाणी येतं तेव्हा आई उठते. सकाळी चहा देताना म्हणाली, "रात्रभर टकटकत होतं तुझं मशीन. ती बाजूची छोटी दांडी वर केली की सगळं उचललं जातं ना? केलं मी. आणि सुईला केवढा कापूस लागलेला रे, पदराने पुसली."

मी चहा तसाच ठेवून टॉर्च घेऊन धावलो. सुई शाबूत होती. आणि स्वच्छसुद्धा.