फायनान्समधलं मास्टर्स: पूर्ण केल्यावर लिहिलेला रिव्ह्यू

दोन वर्षांचं फायनान्स मास्टर्स नुकतंच संपलं म्हणून सविस्तर लिहितेय, कारण ॲडमिशनच्या आधी मला जे काही वाचायला मिळालं ते सगळं पॅकेज आणि प्लेसमेंटबद्दलच होतं, वर्गात नेमकं काय शिकवतात, कुठे डोकं चालेनासं होतं, कशाचा उपयोग होतो हे कोणी लिहितच नाही. कॉलेजचं नाव घेत नाही, तसंही मुख्य विषय जवळपास सगळीकडे तेच असतात.

माझं मत आधी सांगून टाकते. या डिग्रीत पैसे आणि वेळ घालायचा तो एका सवयीसाठी, समोर कुठलाही आकडा आला की तो कशाच्या भरवशावर उभा आहे हे शोधायची सवय. जो कोर्स ती लावतो तो चांगला, जो फक्त फॉर्म्युले पाठ करून घेतो त्यासाठी दोन वर्षं देऊ नका.

पहिल्या सेमिस्टरला अकाउंटिंग, स्टॅटिस्टिक्स आणि कॉर्पोरेट फायनान्स. मी इंजिनिअरिंग करून आलेली, त्यामुळे ताळेबंद वाचायला सुरुवातीला खूप वेळ लागायचा, कॉमर्सवाल्यांचं ते पटापट व्हायचं आणि स्टॅट्सला गाडी अडायची, म्हणजे प्रत्येकाला कुठे ना कुठे घाम फुटतोच. अकाउंटिंगमध्ये सगळ्यात जास्त आवडलं ते नफा आणि रोकड यांची फारकत बघणं. कंपनीचा नफा दरवर्षी वाढतोय, पण उधारी वसूल होत नाहीये, माल गोदामात साचतोय आणि कॅश फ्लो स्टेटमेंटमध्ये धंद्यातून येणारी रोकड उणे दिसतेय, अशी दोन-चार उदाहरणं हाताने सोडवली की मग बातम्यांमधले विक्रमी नफ्याचे मथळे वाचताना आपोआप रोकडीचा कागद शोधावासा वाटतो.

कॉर्पोरेट फायनान्सचं व्हॅल्युएशन हा तर कोर्सचा कणा आहे. कंपनीची किंमत म्हणजे पुढे येणाऱ्या रोकडीची आजची किंमत, ऐकायला एकदम सोपं. आता हे करून बघा. पुढच्या वर्षी 100 येणार आहेत, ते कायम 3 टक्क्यांनी वाढत राहतील आणि डिस्काउंट रेट, म्हणजे पुढचे पैसे आजच्या किमतीत आणायचा दर, 10 टक्के, तर 100 भागिले 0.07 (10 टक्के वजा 3 टक्के), किंमत आली साधारण 1429. वाढ 3 च्या जागी 4 धरा आणि डिस्काउंट रेट 10 च्या जागी 9, दोन्ही बदल अगदी वाजवी वाटणारे, कोणी हरकतही घेणार नाही, पण किंमत थेट 2000 होते, म्हणजे 40 टक्के जास्त! आमच्या प्राध्यापकांनी पूर्ण वर्गाला एकच कंपनी दिली होती आणि जितके ग्रुप तितक्या किमती आल्या, एकाचंही गणित चुकलेलं नव्हतं, फरक होता तो फक्त गृहीतकांचा. पुढे रिपोर्ट लिहिताना एकच आकडा न देता किमतीचा पट्टा आणि सेन्सिटिव्हिटी टेबल (गृहीतक बदललं की किंमत किती बदलते त्याचा तक्ता) का द्यायचं असतं ते त्या दिवशी डोक्यात पक्कं बसलं.

मोदिग्लियानी आणि मिलर यांची 1958 ची मांडणीही याच विषयात येते. टॅक्स नाही, दिवाळखोरीचा खर्च नाही, सगळ्यांकडे सारखीच माहिती आहे, असं जग असेल तर कंपनीने भांडवल कर्जातून उभं केलं की शेअरमधून यावर तिची एकूण किंमत ठरत नाही. बऱ्याच जणांना हे अगदी पुस्तकी वाटतं, पण माझ्या मते शिकवायची पद्धत म्हणून याला तोड नाही, कारण नंतर एकेक अट काढत गेलं की खऱ्या जगात कर्जाचं प्रमाण नेमकं कशामुळे महत्त्वाचं ठरतं ते आपलं आपल्यालाच सापडत जातं.

पोर्टफोलिओ थिअरी, म्हणजे पैसे कुठल्या शेअरमध्ये किती वाटून घालायचे याचा विषय, त्याबद्दल थोडक्यात. मार्कोविट्झचं 1952 चं काम, शार्पचं 1964 चं, बीटा (बाजार हलला की शेअर किती हलतो त्याचं माप), मग 1993 चं फामा-फ्रेंच मॉडेल, सगळं व्यवस्थित झालं, परीक्षेलाही सोपं गेलं. एक गोष्ट मात्र एक्सेलमध्ये स्वतः करून बघाच, अपेक्षित परताव्याचा अंदाज एखाद्या टक्क्याने हलवला की ऑप्टिमायझर (सगळ्यात चांगली वाटणी शोधणारं टूल) अख्खा पोर्टफोलिओ इकडचा तिकडे करून टाकतो.

डेरिव्हेटिव्हज, म्हणजे शेअरसारख्या दुसऱ्या कशाच्या तरी किमतीवर ज्यांची किंमत ठरते असे करार, हा माझा लाडका विषय होऊ शकला असता पण आमच्याकडे तो नुसत्या स्लाइड वाचून शिकवला गेला, आणि याबद्दल माझी खरी तक्रार आहे. ऑप्शनची (ठरलेल्या भावाला शेअर घ्यायचा किंवा विकायचा हक्क) किंमत काढणारं ब्लॅक-शोल्सचं 1973 चं सूत्र फळ्यावर लिहून त्यात आकडे भरायला लावणं म्हणजे शिकवणं नाही. त्याआधी बायनॉमियल ट्री (प्रत्येक पायरीला किंमत वर किंवा खाली जाते असं धरलेली आकृती) हाताने काढून घ्यायला हवं, शेअर आणि कर्ज यांचं मिश्रण करून ऑप्शनची नक्कल कशी करता येते ते दाखवायला हवं, कारण सगळा जीव त्यातच आहे. शिवाय सूत्र व्होलॅटिलिटी (किमतीतला चढउतार) कायम एकसारखी धरतं, तर शेअर बाजाराच्या 1987 च्या घसरणीनंतर इंडेक्स ऑप्शनच्या बाजारात वेगवेगळ्या स्ट्राइकला (ऑप्शनमध्ये ठरलेल्या भावाला) वेगवेगळी व्होलॅटिलिटी ठळकपणे दिसते, ही गोष्ट आम्हाला वर्गात कोणी सांगितलीच नाही, स्वतः वाचून कळली. लाँग टर्म कॅपिटल मॅनेजमेंट या अमेरिकन हेज फंडाची केसही अशीच एका लेक्चरमध्ये उरकली. शोल्स आणि मर्टन यांना 1997 ला नोबेल मिळालं, दोघेही या फंडात भागीदार, आणि 1998 ला फंड इतका बुडाला की 14 बँका आणि ब्रोकर कंपन्यांना सुमारे 3.6 अब्ज डॉलर घालून तो सावरावा लागला. प्रचंड कर्ज, आणि संकटात एरवी वेगवेगळे वागणारे बाजार एकाच दिशेला पळाले, एवढं नीट उलगडायला दोन आठवडे दिले असते तरी कमी पडले असते.

रिस्क मॅनेजमेंट त्या मानाने बरं होतं, कारण शिकवणारे स्वतः बँकेत काम करून आलेले. बॉन्डचं ड्युरेशन, म्हणजे व्याजदर हलला की किंमत किती हलते त्याचं माप, 6 असेल तर व्याजदर 1 टक्का वाढल्यावर किंमत साधारण 6 टक्के पडते, हा नियम सगळेच शिकवतात. त्यांनी मात्र तो अमेरिकेतल्या बुडालेल्या सिलिकॉन व्हॅली बँकेच्या ताळेबंदावर लावून दाखवला, लांब मुदतीचे रोखे, 2022 पासून चढत गेलेले दर, ठेवींचा मोठा हिस्सा विमा मर्यादेच्या वरचा, आणि 9 मार्च 2023 ला एका दिवसात 42 अब्ज डॉलर काढायला लागलेली रांग, तीही मुख्यतः ऑनलाइन. नियम एका ओळीचा आणि परिणाम अख्ख्या बँकेचा!

आता इकॉनोमेट्रिक्स, म्हणजे आर्थिक डेटावर स्टॅटिस्टिक्स लावणं. बहुतेक लोक याला घाबरून हलका पर्याय शोधतात आणि मला मनापासून वाटतं की अख्ख्या डिग्रीत सगळ्यात मोलाचं हेच आहे. पहिल्याच लॅबमध्ये आम्हाला कॉम्प्युटरवर दोन रँडम वॉक (प्रत्येक पाऊल नशिबाने पडणाऱ्या आकड्यांच्या मालिका) तयार करायला लावले, एकमेकांशी काडीचाही संबंध नसलेले, आणि त्यांचं रिग्रेशन, म्हणजे एकीचा दुसरीशी संबंध मोजणं, करायला सांगितलं, तर कितीतरी जणांच्या स्क्रीनवर भक्कम संबंध असल्याचा निकाल! ग्रेंजर आणि न्यूबोल्ड यांनी 1974 मध्ये नेमका हाच धोका दाखवला होता. त्यानंतर शेअरच्या किमतीवर थेट रिग्रेशन करायचं नाही, परताव्यावर करायचं, हे वेगळं सांगावं लागलं नाही. मग सर्व्हायव्हरशिप बायस, म्हणजे बंद पडलेले फंड डेटातून गायब झाले की उरलेल्यांची सरासरी उगाच छान दिसते. मग लुक-अहेड बायस, मार्चअखेरचे निकाल मे महिन्यात जाहीर होतात पण तुमचं बॅकटेस्ट (जुन्या डेटावर घेतलेली चाचणी) ते एप्रिलमध्येच वापरून मोकळं होतं. अशा चाळणीतून गेल्यावर कोणी दहा वर्षांचा झकास ग्राफ दाखवला तरी पहिला प्रश्न डेटा कुठून आणला हाच पडतो.

डेसर्टेशनचं (शेवटच्या संशोधन प्रबंधाचं) पण तेच. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी विषय तीनदा लहान करायला लावला, तेव्हा वैताग आला होता, पण लहान प्रश्न असल्यामुळेच तो शेवटपर्यंत नीट तपासता आला. डेटा साफ करण्यातच अर्ध्याहून जास्त वेळ जातो, शेअरचे स्प्लिट आणि बोनस, नाव बदललेल्या कंपन्या, गाळलेल्या तारखा, हे काम कंटाळवाणं आहे आणि नोकरीत पहिल्या दिवसापासून हेच करावं लागतं.

ज्याचे तारे कापेन त्या गोष्टी: ग्रुप प्रोजेक्टचा अतिरेक, ज्यात दोघं मरमर करतात आणि मार्क पाचांना सारखे. बाजाराचा डेटा देणारे टर्मिनल मोजकेच, परीक्षेच्या आधी तासन्तास नंबर लागत नाही. बिहेवियरल फायनान्स, म्हणजे पैशाच्या निर्णयांमागचं मानसशास्त्र, नुसतं इलेक्टिव्ह, कानमन आणि ट्वर्स्की यांचं 1979 चं काम वाचल्याशिवाय कोणी फायनान्सची डिग्री घेऊन बाहेर पडू नये असं मला वाटतं. पायथन पण वरवरच शिकवलं, एक्सेल मात्र छान झालं.

सीएफए (फायनान्समधली व्यावसायिक परीक्षा) की मास्टर्स हा प्रश्न सारखा येतो. सीएफएच्या तीन लेव्हल आहेत, अभ्यास घरी बसून नोकरी सांभाळत होतो, आणि चार्टर मिळायला परीक्षांसोबत किमान 36 महिन्यांत 4000 तासांचा संबंधित कामाचा अनुभव लागतो. तिथे आवाका मोठा, शिस्त जबरदस्त, एथिक्सवर जो भर आहे तो आमच्या कोर्समध्ये असायला हवा होता, आम्हाला त्यावर जेमतेम एक लेक्चर मिळालं. पण स्वतःचा प्रश्न घेऊन स्वतःचा डेटा गोळा करून त्यावर लिहायला लावणं आणि कोणीतरी समोर बसून ते खोडून काढणं, हे तिथे नाही. आधीच फायनान्सच्या नोकरीत असाल तर सीएफए घ्या, दुसऱ्या शाखेतून येत असाल किंवा संशोधनाची, मॉडेलिंगची आवड असेल तर मास्टर्स. एमबीएमध्ये मार्केटिंग, एचआर, ऑपरेशन्स सगळंच असल्यामुळे इतकं खोल जाता येत नाही, मॅनेजर व्हायचं असेल तर तो रस्ता चांगला.

माझ्याकडून 5 पैकी 4. ॲडमिशन घेण्याआधी प्लेसमेंटच्या आकड्यांसोबत एवढं विचारून घ्या: डेसर्टेशन सक्तीचं आहे का, एका मार्गदर्शकाकडे किती विद्यार्थी असतात, कुठल्या डेटाबेसचं लायसन्स आहे आणि ते घरून चालतं का, डेरिव्हेटिव्हज कोण शिकवतं. आणि जमलं तर इकॉनोमेट्रिक्सची मागच्या वर्षीची प्रश्नपत्रिका मागा. तिच्यात सगळे प्रश्न व्याख्या लिहा, टीपा लिहा असे असतील तर दुसरा कोर्स बघा, आउटपुटचा तक्ता देऊन यात काय चुकलंय असं विचारलेलं असेल तर बिनधास्त फॉर्म भरा.